भुवयांचे अर्धस्थायी गोंदण : तंत्र निवडण्याआधी त्वचा ओळखणे आवश्यक

एग्मोर (चेन्नई) : विरळ झालेल्या किंवा झडलेल्या भुवयांना सुईच्या साह्याने रंग भरून घेण्याची पद्धत आता महानगरांतील मोजक्या सौंदर्यालयांपुरती राहिलेली नाही. चेन्नईतील एग्मोर आणि शेजारच्या नुंगमबाक्कमपासून मुंबई, पुणे, नागपूर आणि लहान जिल्हा शहरांपर्यंत 'मायक्रोब्लेडिंग', 'पावडर ब्रो', 'नॅनो ब्रो' आणि 'कॉम्बिनेशन ब्रो' ही नावे फलकांवर दिसू लागली आहेत. ग्राहकाला छायाचित्रे दाखवून यांपैकी एक पद्धत निवडण्यास सांगितले जाते. प्रत्यक्षात ही निवड छायाचित्रावरून करता येत नाही. त्वचेचा पोत, तिचा तेलकटपणा, वय, चालू असलेली औषधे आणि मुळात भुवया का विरळ झाल्या याचे कारण या गोष्टींवर ती अवलंबून असते. या पद्धतींमधील फरक, त्यांच्या मर्यादा आणि निर्णयापूर्वी घ्यावयाची दक्षता यांची ही माहिती.

जुने गोंदण आणि नवे नाव

त्वचेत रंग टोचण्याची कला भारताला नवी नाही. महाराष्ट्रात कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदवून घेण्याची प्रथा गेल्या पिढीपर्यंत सर्रास होती. तमिळ भाषेत गोंदणाला 'पच्चै कुत्तुदल' म्हणतात. 'पच्चै' म्हणजे हिरवा आणि 'कुत्तुदल' म्हणजे टोचणे. एग्मोरच्या पँथिऑन रस्त्यावरील शासकीय संग्रहालयाची स्थापना १८५१ मध्ये झाली. १८८५ पासून त्याचे अधीक्षक असलेले एडगर थर्स्टन यांनी दक्षिण भारतातील चालीरीतींच्या नोंदी घेताना गोंदणाचीही नोंद केली. हे काम करणाऱ्यांत कोरवर समाजातील स्त्रिया प्रामुख्याने असत.

मराठीत 'हिरवे गोंदण' म्हणतात आणि तमिळ शब्दातही हिरवा रंगच येतो. वापरली जाणारी सामग्री मात्र बहुधा काजळीची, म्हणजे काळी असे. काळी काजळी त्वचेखाली गेल्यावर निळसर-हिरवी का दिसते, याचे उत्तर प्रकाशाच्या विखुरण्यात आहे. त्वचेच्या थरांतून जाताना निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि परत येतो. तांबडा प्रकाश खोलवर जातो आणि तेथील काळा रंग तो शोषून घेतो. त्यामुळे काळा रंग जितका खोल जाईल तितका तो निळसर भासतो. आजीच्या हातावरील गोंदणाला लागू असलेला हा नियम आजच्या भुवयांनाही लागू आहे. काही वर्षांनी भुवया करड्या-निळ्या दिसू लागल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा हेच घडलेले असते. रंग गरजेपेक्षा खोल गेलेला असतो किंवा त्यात कार्बनचे प्रमाण अधिक असते.

'अर्धस्थायी' म्हणजे काय?

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत नवा होतो. या थरात राहिलेला रंग खपलीबरोबर निघून जातो. त्याखालील अंतस्त्वचेत पोहोचलेला रंग तेथील भक्षक पेशी धरून ठेवतात आणि तोच टिकतो. भुवयांच्या कामात अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागापर्यंत, थोड्या प्रमाणात रंग पोहोचवणे अपेक्षित असते. शरीरावरील नेहमीच्या टॅटूमध्ये तो अधिक खोल आणि दाट भरला जातो.

म्हणूनच 'अर्धस्थायी' हे रंगाच्या एखाद्या खास जातीचे नाव नाही. ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीशी होणारी शाई असा त्याचा अर्थ घेतला जातो, तो चुकीचा आहे. रंग कमी खोलीवर आणि कमी प्रमाणात भरला, तर ऊन, त्वचेची झीज आणि शरीराची स्वच्छता-यंत्रणा यांमुळे तो एक ते तीन वर्षांत फिका पडतो, एवढाच त्याचा आशय आहे. फिका पडणे आणि पूर्ण जाणे यांत अंतर आहे. काहींच्या त्वचेत रंगाची छटा अनेक वर्षे राहते. निवड करताना हे आधी मान्य करून पुढे जाणे हिताचे ठरते.

चार प्रमुख तंत्रे

*मायक्रोब्लेडिंग :* या पद्धतीत यंत्र वापरले जात नाही. हातात धरण्याच्या लेखणीसारख्या साधनाला अतिशय बारीक सुयांची एक तिरकी ओळ बसवलेली असते. तिने त्वचेवर केसासारख्या बारीक रेघा ओढल्या जातात आणि त्या चिरांमध्ये रंग मुरवला जातो. नावात 'ब्लेड' असले तरी ते पाते नसून सुयांचीच रांग असते. सामान्य ते कोरड्या त्वचेवर आणि भुवयांत मूळचे केस काही प्रमाणात शिल्लक असताना ही पद्धत सर्वांत नैसर्गिक दिसते. तेलकट किंवा मोठ्या रंध्रांच्या त्वचेवर रेघा काही महिन्यांतच पसरून एकमेकींत मिसळतात. पातळ, सुरकुतलेल्या त्वचेला चिरा सोसत नाहीत. परिणाम साधारणपणे एक ते दोन वर्षे टिकतो. त्याच जागी वर्षानुवर्षे पुन्हा चिरा पाडल्यास व्रण राहण्याची शक्यता वाढते.

*पावडर किंवा ओम्ब्रे ब्रो :* यंत्राच्या सुईने असंख्य सूक्ष्म ठिपके देऊन रंगाची छटा तयार केली जाते. भुवईचा आरंभ फिका आणि शेपटीचा भाग गडद ठेवला, तर त्याला ओम्ब्रे म्हणतात. परिणाम केसासारखा नसून पेन्सिल किंवा पावडर लावल्यासारखा दिसतो. ठिपके मुळातच विखुरलेले असल्याने तेलकट त्वचेत ते थोडे पसरले तरी आकार बिघडत नाही. त्वचेला चीर पडत नसल्याने इजाही तुलनेने कमी होते. तेलकट, संवेदनशील किंवा उतारवयातील त्वचेसाठी हा पर्याय सहसा सुचवला जातो. रंग दोन ते तीन वर्षे टिकू शकतो.

*नॅनो ब्रो :* केसासारख्या रेघा हव्यात, पण चिरा नकोत, अशांसाठी ही मधली वाट आहे. यंत्राला लावलेल्या एकाच अतिशय बारीक सुईने ठिपक्यामागे ठिपका देत रेघ उमटवली जाते. रक्तस्राव कमी होतो आणि खोलीवर नियंत्रण ठेवणे सोपे जाते. मायक्रोब्लेडिंगपेक्षा अधिक प्रकारच्या त्वचेवर ते करता येते. मात्र यंत्राने नैसर्गिक वळणाची रेघ ओढण्यास दीर्घ सराव लागतो. अत्यंत तेलकट त्वचेवर येथेही रेघा धूसर होतात.

*कॉम्बिनेशन ब्रो :* आरंभी रेघा आणि मध्यापासून शेपटीपर्यंत पावडरची छटा, असा हा मेळ असतो. भुवईच्या पुढच्या भागात केस आहेत, पण शेवटचा भाग रिकामा आहे, अशा चेहऱ्यांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते.

थोडक्यात, कोरडी त्वचा आणि शिल्लक केस असतील तर रेघा. तेलकट किंवा पातळ त्वचा असेल तर ठिपके. केस अजिबात नसतील तर केवळ रेघांवर न विसंबता छटेचा आधार, असा ढोबळ नियम सांगता येतो. आधी केलेले काम जुने होऊन राखाडी किंवा तांबूस झाले असेल, तर त्यावर नव्या रेघा ओढल्याने ते लपत नाही. अशा वेळी आधी रंग फिका करणे आणि नंतर पावडर पद्धत, असा क्रम घ्यावा लागतो.

हवामान आणि भारतीय त्वचा

परदेशी छायाचित्रांवरून केलेली निवड भारतात फसते, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण हवामान. चेन्नई, मुंबई किंवा कोकण-गोव्याच्या दमट किनाऱ्यावर घाम आणि त्वचेतील तेल यांचे प्रमाण वर्षातील बराच काळ अधिक असते. चेन्नईत मे महिन्यात 'अग्नि नक्षत्रम' म्हणून ओळखला जाणारा कडक उन्हाळ्याचा काळ येतो. त्या काळात ताज्या जखमेवर घाम येऊन रंग असमान बसण्याची आणि संसर्गाची शक्यता वाढते. शक्य असल्यास तुलनेने थंड महिने निवडणे योग्य.

दुसरे कारण त्वचेचा वर्ण. गव्हाळ व सावळ्या त्वचेला इजा झाल्यावर तेथे काळसर डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारी व्रणगाठ, होण्याची प्रवृत्तीही अशा त्वचेत तुलनेने जास्त आढळते. कान टोचल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर अशी गाठ आली असेल, तर भुवयांवर सुई फिरवण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

आधी कारण शोधा

भुवया विरळ होण्याचे कारण प्रत्येक वेळी वर्षानुवर्षांचे थ्रेडिंग हेच नसते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्यास भुवयांचा बाहेरचा तिसरा भाग झडू शकतो. चाई पडण्याच्या विकारात भुवयांतही चकत्या पडतात. लोहाची कमतरता, एक्झिमा आणि काही औषधे यांमुळेही केस गळतात.

यांतील सर्वांत दुर्लक्षित कारण कुष्ठरोग हे आहे. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात. भुवयांचे केस, विशेषतः बाहेरच्या बाजूने, झडणे हे या रोगाच्या काही प्रकारांतील एक परिचित लक्षण आहे. चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर चट्टे, कानाच्या पाळीची जाडी वाढणे, हातापायांना बधिरता ही लक्षणे सोबत असतील, तर पार्लरऐवजी शासकीय आरोग्य केंद्र गाठणे हिताचे असते. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टू येथे केंद्र सरकारची कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्थाही आहे. गोंदलेल्या भुवयांमागे हे लक्षण झाकले गेले, तर हरवतो तो उपचाराचा काळ. हात, पाय आणि डोळे यांची होणारी हानी मात्र पुढे भरून निघत नाही.

केमोथेरपीत भुवया गमावणाऱ्या कर्करुग्णांसाठी या तंत्राचे मोल वेगळे आहे. आरशातील ओळखीचा चेहरा परत मिळणे, ही त्यांच्यासाठी हौसेची बाब नसते. मात्र उपचार सुरू असताना रोगप्रतिकारशक्ती आणि रक्तबिंबिका कमी असतात, त्यामुळे त्या काळात सुई टाळावी लागते. उपचारांच्या पुरेसे आधी किंवा ते संपून रक्तातील घटक पूर्ववत झाल्यावर, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनेच ती वेळ ठरवावी.

कोणी थांबावे?

गर्भवती आणि स्तनदा माता, नियंत्रणात नसलेला मधुमेह असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि भुवयांच्या जागी सक्रिय मुरुमे, एक्झिमा वा जखम असलेले यांनी हे काम टाळावे किंवा पुढे ढकलावे. रक्त पातळ करणारी औषधे यासाठी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या थांबवल्यानंतर साधारण सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो. कोड आणि सोरायसिसमध्ये त्वचेला जेथे इजा होते तेथे नवा डाग उमटू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

डोळे आलेले असताना हे काम करू नये. डोळे येण्याच्या साथीला ज्या शहरावरून 'मद्रास आय' हे नाव मिळाले, त्या चेन्नईत ही सूचना विशेष लागू पडते. एग्मोर येथील शासकीय नेत्र रुग्णालयाची परंपरा १८१९ मध्ये सुरू झालेल्या 'मद्रास आय इन्फर्मरी'पर्यंत जाते. बधिरता आणणारे मलम, रंग किंवा स्वच्छतेचे द्रावण डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

रंग आणि कायदा

भुवयांच्या रंगांत मुख्यतः लोहाची ऑक्साइडे, कार्बन आणि काही सेंद्रिय रंग असतात. फिकेपणा आणण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळले जाते. मिश्रणातील इतर रंग आधी निघून गेल्यास उरलेल्या लोह ऑक्साइडमुळे भुवया तांबूस किंवा नारिंगी दिसतात. कार्बन उरल्यास त्या राखाडी होतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. २००३-०४ मध्ये स्थायी मेकअपच्या काही छटांबाबत या संस्थेकडे दीडशेहून अधिक तक्रारी आल्या होत्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. दक्षिण कोरियात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निर्णयामुळे गोंदणे हे केवळ डॉक्टरांनी करावयाचे काम मानले जात होते. तेथील संसदेने २०२५ मध्ये कायदा करून इतरांना परवान्याचा मार्ग खुला केला. भारतात भुवया गोंदण्यासाठी असा स्वतंत्र केंद्रीय परवाना नाही. त्यामुळे काही दिवसांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही हे काम करताना दिसते आणि पारख करण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते.

विचारायचे प्रश्न

काम करणाऱ्याला केलेल्या कामाची ताजी छायाचित्रे नव्हे, तर एक-दोन वर्षांनंतरची, बऱ्या झालेल्या भुवयांची छायाचित्रे मागावीत. ती आपल्यासारख्याच त्वचेवरील असावीत. सुई एकदाच वापरण्याची आणि बंद पाकिटातील असावी आणि ते पाकीट आपल्यासमोर उघडले जावे. रंगासाठीची वाटी व हातमोजे नवे असावेत. वापरलेली सुई टोचणार नाही अशा बंद डब्यात टाकली जाते का, हे पाहावे. अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. रंगाच्या बाटलीवरील नाव, तुकडी क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढे ॲलर्जी आल्यास डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.

कानामागे थोडा रंग लावून चाचणी घेणे चांगले, पण ती निर्दोष ठरली म्हणजे धोका संपला असे नव्हे. काहींना महिन्यांनी वा वर्षांनी त्या जागी गाठी किंवा सूज येते. केसांच्या काळ्या रंगाची ॲलर्जी असल्यास ती आधी सांगावी. पक्के बिल घ्यावे. सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीवर तक्रार नोंदवता येते.

बैठक आणि त्यानंतरचे सहा आठवडे

पहिल्या बैठकीला दोन ते तीन तास लागतात. त्यातील बराच वेळ मोजमाप आणि आकार आखण्यात जातो. बसलेल्या स्थितीत, चेहरा सैल ठेवून आरशात आकार पाहावा आणि तो पटेपर्यंत सुईला संमती देऊ नये. पहिले काही दिवस भुवया अपेक्षेपेक्षा खूप गडद दिसतात. चौथ्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतात. ते ओढून काढल्यास रंगही निघतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग नाहीसा झाल्यासारखा भासतो आणि चार ते सहा आठवड्यांत त्याची खरी छटा दिसते. म्हणून टच-अप सहा ते आठ आठवड्यांपूर्वी करू नये. एकूण खर्चात हा टच-अप धरला आहे का, हे आधीच विचारावे.

साधारण दोन आठवडे पोहणे, वाफ घेणे, घाम येईल असा व्यायाम आणि कडक ऊन टाळावे. त्या जागी मेकअप किंवा रेटिनॉल लावू नये. वाढती लाली, पू, ताप किंवा तीव्र वेदना ही संसर्गाची लक्षणे आहेत. अशा वेळी पार्लरमध्ये नव्हे, तर डॉक्टरांकडे जावे.

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. भारतातील नियमांनुसार गोंदवून घेतल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही आणि भुवयांचे गोंदणही त्याला अपवाद नाही. एमआरआय तपासणीपूर्वी तंत्रज्ञांना भुवयांची कल्पना द्यावी. लोहयुक्त रंगामुळे क्वचित त्या जागी उष्णता किंवा सूज जाणवते. तेवढ्यासाठी आवश्यक तपासणी टाळण्याचे कारण नाही.

परतीची वाट अवघड

न आवडलेल्या भुवया लेसरने काढता येतात, पण त्यासाठी अनेक बैठका लागतात आणि यश निश्चित नसते. लोह ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड असलेले फिके रंग लेसर पडताच उलट काळे होऊ शकतात. म्हणून आधी लहानशा जागेवर चाचणी घेतली जाते. हे काम त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे.

निर्णय पक्का नसेल, तर पेन्सिल किंवा तात्पुरत्या रंगाने हवा असलेला आकार काही आठवडे वापरून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. भुवयांची फॅशन दर काही वर्षांनी बदलते. एके काळी बारीक कोरलेल्या भुवया हव्याशा वाटत, आज भरदार वाटतात. त्यामुळे हाडाच्या ठेवणीला अनुसरणारा, मूळ भुवईच्या जवळचा आकार आणि केसांपेक्षा किंचित फिका रंग निवडणे सुरक्षित ठरते. पुढच्या बैठकीत रंग गडद करता येतो, पण एकदा खोल गेलेला रंग वर आणता येत नाही.